कुकर कुणी बंद केला?

कुंदाकाकूंना घरातून बाहेर पडायला वेळ लागायचा. कोट घातला, मफलर गुंडाळला, किल्ल्या पर्समध्ये टाकल्या, आता निघणार असं वाटावं, तर त्या परत आत. इकडच्या घरांत भिंतीवरच्या प्रत्येक सॉकेटला स्वतःचं बटण असतं. काकू स्वयंपाकघरापासून सुरुवात करायच्या. किटली, टोस्टर, मायक्रोवेव्ह. मग बाहेरच्या खोलीतला टीव्ही, दिवा, फोनचा चार्जर. प्रत्येक बटणावर बोट ठेवून म्हणायच्या, "बंद. बंद. बंद." बटण आधीच बंद असलं तरी बोट लावायच्याच. फ्रिजचं तेवढं सोडायच्या, आणि सोडतानाही त्याच्याकडे जरा संशयानेच बघायच्या. मग दार लावून फाटकापर्यंत जायच्या आणि तिथून माघारी यायच्या.

"ओव्हन बघितला का गं मी?"

"बघितलात, काकू."

"नक्की?"

मिरजेला त्यांच्या माहेरी, सगळे मिळून गावाला निघाले की मेन स्विचच खाली पाडायचे. चाळीसेक वर्षं मँचेस्टरमध्ये राहूनही ती सवय गेली नव्हती, फक्त एका मोठ्या बटणाची अनेक लहान बटणं झाली होती. "मागे काही चालू ठेवून जाऊ नये, वैशू," असं त्या मला सांगायच्या. मी माझ्या खोलीतला हीटर चालू ठेवून गेले, तर संध्याकाळी ओरडायच्या नाहीत. "आज मी जिना चढून गेले हो," एवढंच म्हणायच्या. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ते पुरायचं.

आता मी लंडनजवळ इल्फर्डला राहते. माझी फ्लॅटमेट सकाळी विजेवर दिवसभर मंद शिजवणारा स्लो कुकर लावते आणि खुशाल कामाला निघून जाते. गेल्या आठवड्यात घरातून शेवटची मी निघाले, आणि निघता निघता माझं बोट त्या कुकरच्या बटणावर गेलं. तिथंच थांबले. काकूंबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण धीर होत नव्हता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आमच्याकडे लिहिणं म्हणजे परीक्षेत लिहिणं. एखाद्या माणसाबद्दल कसं लिहितात ते मला नीट माहीत नाही. जसं आठवतंय तसं सांगते.

शिष्यवृत्तीवर एम.एस्सी. करायला मँचेस्टरला आले, तेव्हा ओळखीतून काकूंची माळ्यावरची खोली मिळाली. पहिल्या दिवशी त्यांनी चहा दिला आणि समोर बसून विचारलं, "खाण्यापिण्याचं काय तुझं?"

"काहीही चालतं मला, काकू."

"काहीही म्हणजे? माझ्या ओट्यावर अंडंसुद्धा येत नाही."

"मग नाही खात."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "बाहेर काय खातेस ते मी विचारणार नाही. तूही सांगू नकोस. म्हणजे आपलं जमेल."

मला हायसं वाटलं. सांगोल्याकडे आमच्या वस्तीत घरामागे डुकरं असत. दगड फोडायचे आणि डुकरं पाळायची, हे आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं. पुण्याच्या हॉस्टेलवर चार वर्षं काढली, पण कुणाला हे सांगितलं नव्हतं. इथे तर न सांगण्याचा करारच झाला.

काकूंना मूल झालं नाही. काका जाऊन काही वर्षं झाली होती. एका सरकारी दवाखान्यात अपॉइंटमेंटच्या खिडकीवर बसून त्यांनी नोकरी केली होती. निवृत्तीनंतर त्या फॉस्टर केअरर झाल्या. ज्या मुलांना स्वतःच्या घरी राहता येत नाही, त्यांना कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, अशा घरांत ठेवतं, कधी काही आठवड्यांसाठी, कधी मोठं होईपर्यंत. घरात मूल येणार म्हणून माझीही पोलिसांकडून तपासणी झाली. मी घाबरले होते. काकू म्हणाल्या, "अगं, माझी तर त्यांनी वर्षभर केली. मी लहानपणी कशी होते हेसुद्धा विचारलं. मी म्हटलं, आगाऊ होते."

आलेल्या मुलीचं नाव केला. ती आली हिवाळ्याच्या तोंडाशी. इंग्रज मुलगी, अकरा वर्षांची, बारीक चणीची. आई नव्हतीच तिच्या आयुष्यात. तिला वाढवलं आजीने, जिला ती नॅन म्हणायची. नॅनला पक्षाघात झाला आणि तिला म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये कायमचं हलवावं लागलं. त्यानंतर काकूंचं घर हे केलाचं तिसरं. सोशल वर्कर डेबी तिला घेऊन आली, तेव्हा केलाच्या खांद्यावर एक निळी बॅग होती. ती बॅग तिने उघडली नाही. खोलीच्या दारामागे तशीच भरलेली ठेवली. रोज त्यातून कपडे काढायची आणि धुतलेले परत त्यातच ठेवायची. कपाट रिकामं.

काकूंनी एक नियम केला होता. त्या खोलीचं दार केलाचं. तिने 'या' म्हटल्याशिवाय कुणी उघडायचं नाही. त्यांनी स्वतः तो कधी मोडला नाही. धुतलेले कपडे दाराबाहेर जमिनीवर ठेवून त्या दोन पायऱ्या खाली उतरायच्या आणि मग हाक मारायच्या.

हाक मारणंच अवघड होतं. पहिल्याच रात्री काकू मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "अगं, हिला बोलवायचं कसं? 'केला, जेवायला ये.' अरे, पण काय केला? चहा केला, भात केला, गोंधळ केला?"

मला हसू फुटलं. त्यांनाही आलं. मग त्या एकदम थांबल्या. "हिला हे सांगायचं नाही हं. नावावरून हसलेलं मुलांना आवडत नाही." आम्ही नाही सांगितलं.

'बंद' हा शब्द मात्र केला आपणहून शिकली. रोज सकाळी शाळेला जायच्या आधी ती दारात उभी राहायची आणि काकूंची बटणयात्रा बघायची. एके दिवशी काकू टीव्हीपाशी पोचायच्या आतच मागून तिचा आवाज आला, "बंद." काकूंनी वळून बघितलं नाही. पुढच्या बटणावर बोट ठेवून थांबल्या. "बंद," केला म्हणाली. त्या दिवसापासून बोट काकूंचं आणि शब्द केलाचा. ती घरात आपणहून बोललेली पहिली गोष्ट तीच असावी.

पण खायची नाही. टोस्ट आणि चिप्सची पाकिटं, बस. काकूंनी पास्ता केला, चीज घालून बटाटे भाजले, मटार-पनीर केलं, पिझ्झा मागवला. ती नम्रपणे दोन घास घ्यायची आणि 'थँक यू' म्हणून वर जायची. काकू ते ताट बघत बसायच्या. "माझ्या हाताला चव नाही असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं," त्या म्हणायच्या, "आणि हीसुद्धा म्हणत नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं."

एका रविवारी आम्ही केलाला नॅनकडे भेटायला नेलं. नॅनने तिचा हात धरला, पण बोलता येईना. परतीच्या ट्राममध्ये केला खिडकीतून बाहेर बघत होती. बघता बघताच तिने सांगितलं, नॅन पुल्ड पोर्क करायची. स्लो कुकरमध्ये. डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा, बार्बेक्यूचा मसाला, वरून कोला ओतायची आणि दिवसभर मंद आचेवर ठेवायची. झाकण उघडायचं नाही. मग दोन काट्यांनी मांस ओढायचं, त्याच्या दोऱ्या होतात, ते बनमध्ये घालून खायचं. "फाटकापासूनच वास यायचा," ती म्हणाली. "वास आला की कळायचं, नॅन घरी आहे."

मी ट्रामच्या फरशीकडे बघत होते.

त्याच आठवड्यात डेबीचा फोन आला. केलाने पुढे कायमचं कुठे राहायचं, ते आता ठरवायचं होतं. दुसऱ्या गावी एक कुटुंब तयार होतं. आई, वडील, दोन मुलं, बाग, कुत्रा. काकूंनी स्वतःचंही नाव दिलं होतं. डेबी म्हणाली, तुमच्याबद्दल तक्रार काहीच नाही, पण केलाला काय हवंय तेच कळत नाही. विचारलं की खांदे उडवते. गुरुवारी शाळा सुटल्यावर मी येते, तिच्याशी बोलते, मग ठरवू.

डेबीने आणखी एक सांगितलं, ते मला काकूंकडून कळलं. आधीच्या घरात काहीतरी मोडलं होतं आणि आळ केलावर आला होता. ती काही न बोलता बॅग उचलून निघून गेली. नॅनच्या जुन्या घराबाहेर, जिथे आता दुसरेच लोक राहतात, तिथे ती पायरीवर बसलेली सापडली. त्यानंतर त्या घरी ती परत गेलीच नाही.

"त्यांच्याकडे कुत्रा आहे," काकू मला म्हणाल्या. "बाग आहे. माझ्याकडे काय आहे? गुडघे."

"काकू, तुम्ही तिच्यासाठी किती…"

"ते मी बघितलंय. तिने काय बघितलंय, ते महत्त्वाचं." मग म्हणाल्या, "गुरुवारी तिने दार उघडलं की वास आला पाहिजे."

मला आधी कळलंच नाही कसला वास.

काकूंनी जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून एक स्लो कुकर आणला. त्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. "याला शिट्टी नाही," त्या म्हणाल्या. "मग शिजलं हे कळायचं कसं? आणि दिवसभर चालू ठेवायचा? घरात कुणी नसताना?"

"तसंच असतं, काकू."

"कसल्या धीराचे लोक."

बुधवारी संध्याकाळी, केला वर असताना, त्या खाटकाकडून मांस घेऊन आल्या. गुलाबी रबरी हातमोजे घातले. ओट्याच्या कोपऱ्यात त्यांचा छोटा देव्हारा होता, त्याला पडदा होता, तो ओढला. "आज त्यांना सुट्टी," म्हणाल्या. मग कागद सोडला आणि तो तुकडा समोर ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. हात पुढे होईना. त्यांनी एकदा डोळे मिटले, हात पुढे केला, परत घेतला. मला ते बघवेना.

"काकू, मसाला मी चोळते."

"तुला जमेल?"

"आमच्याकडे करतात."

"काय करतात?"

"हेच. डुकराचं मटण. आई करते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं. पुण्यात एकदा एका मैत्रिणीने मी गावाहून आणलेला डबा बघून असंच बघितलं होतं, आणि मग ती माझ्याशेजारी बसायचीच बंद झाली.

काकूंनी एकेक बोट ओढत हातमोजे काढले आणि माझ्यापुढे धरले. "हे मघाशी सांगायला काय झालं होतं? त्या खाटकापुढे मी अर्धा तास उभी होते. तो विचारतोय कुठला भाग, मी म्हणतेय चांगला."

मी हातमोजे चढवले.

"काय काय घालते तुझी आई?"

"मीठ, तिखट, लसूण. फार काही नाही."

"साखर?"

"नाही."

"बघ. इकडे साखर घालतात, वरून कोला. मला तेच पटत नव्हतं." त्या ओट्याला टेकल्या. आवाज जरा खाली आला. "मी तुला सांगू नकोस म्हटलं होतं, नाही का? चुकलंच ते."

मी मसाला चोळला. भाजलेल्या मिरचीची पूड, ब्राऊन शुगर, मोहरी, लसूण. त्या बाजूला उभ्या राहून सूचना देत होत्या, तोंड दुसरीकडे करून.

गुरुवारी सकाळी मी लवकर निघाले. काकूंनी मांस कुकरमध्ये ठेवलं होतं, वर कांदा आणि कोला, काचेचं झाकण. किटलीच्या शेजारी त्याचा नारिंगी दिवा लागला होता. काकू त्याच्यासमोर नैवेद्य दाखवल्यासारख्या उभ्या होत्या. केलाला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं, कुकरवर टॉवेल टाकायचा बेत होता. तिला शाळेत सोडून त्यांना शहरात केअरर लोकांच्या ट्रेनिंगला जायचं होतं, आणि तिकडून परस्पर शाळेत.

दिवसभर माझं लॅबमध्ये लक्ष लागलं नाही. काम टाकून निघाले. गल्लीच्या तोंडाशी आले, तर पुढे त्या दोघी चालल्या होत्या, काकू नेहमीपेक्षा भरभर. मी फाटकापाशी त्यांना गाठलं. मी श्वास घेतला. ओली पानं, कुणाच्या तरी कपडे वाळवायच्या ड्रायरची वाफ. बाकी काही नाही.

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि दार उघडलं. आतही नाही. बंद घराचा आणि कोटांचा वास तेवढा.

कोट न काढताच त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी मागून. टॉवेल उचलला, तर नारिंगी दिवा विझलेला. झाकण काढलं. मांस सकाळी ठेवलं होतं तसंच होतं, फक्त रंग मळका झालेला, भोवती कोल्यात कांदा तरंगत होता. भिंतीवरचं बटण बंद होतं.

"कुकर कुणी बंद केला?" काकूंनी मला विचारलं.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. घरात एखादं माणूस कुठल्याही गोष्टीबद्दल विचारतं, तसं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी नाही, काकू. मी गेले तेव्हा चालू होता." आणि मग मागे वळले.

केला दारात उभी होती. ती कुकरकडे बघत नव्हती. काकूंकडे बघत होती.

"मी हात नाही लावला," ती इंग्रजीत म्हणाली.

"नाही गं, तुला कोण…" काकूंनी अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत सुरू केलं.

"तू म्हणालीस कुकर. तू म्हणालीस बंद. आणि तू माझं नाव घेतलंस. मला ते शब्द येतात."

ती जिना चढून गेली. आपटलं नाही, दार हळूच लागलं. मग वरून चेनचा आवाज आला. त्या निळ्या बॅगेची चेन. मी काकूंकडे बघितलं. डेबी यायला फार वेळ नव्हता.

काकू धावल्या नाहीत. त्या पॅसेजमध्ये गेल्या आणि सकाळी निघताना उभ्या राहिल्या होत्या तशा उभ्या राहिल्या, कोट घातलेला, पर्स खांद्याला. मग वळून आत आल्या. बोट पुढे केलं. "किटली. बंद." बोट सरकलं. पुढचं बटण कुकरचं. बोट त्याच्यावर जाऊन टेकलं, आपोआप, जणू कुणी दुसऱ्यानेच नेलं.

"मीच गं," त्या म्हणाल्या.

सकाळी केला पाठीला दप्तर लावून दारात उभी होती, 'बंद, बंद' म्हणत होती, आणि त्यांनी सगळी बटणं एका ओळीने बंद केली होती. टॉवेलखाली काय आहे, हे त्या बोटाला कुठून कळणार?

जिना चढताना त्यांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. वरच्या पायरीवर, त्या दाराबाहेर बसल्या. दाराला हात लावला नाही. मी खालच्या पायऱ्यांवर उभी.

"केला, कुकर मी बंद केला. सवयीने. माझी चूक आहे."

आतून आवाज आला, "डेबी येतेय म्हणून म्हणतेस."

"डेबी येतेय, खरं आहे. पण मीच बंद केला."

"तू माझं नाव घेतलंस."

"ते तुझं नाव नव्हतं. आमच्या भाषेत तो शब्द आहे. केला म्हणजे 'डिड'. कुणी काही केलं की आम्ही तो म्हणतो."

"असं कसं नेमकं?"

"विचार वैशालीला."

"ती तुझ्याच बाजूची आहे."

आत ती उठून उभी राहिल्याचा आवाज झाला, जमिनीवर बॅग ओढल्याचा. काकूंनी पर्समध्ये हात घातला, फोन काढला आणि एक नंबर लावून तो स्पीकरवर टाकला. मिरजेला त्यांचे मोठे भाऊ असतात. दर रविवारी त्या त्यांना फोन करायच्या. हा गुरुवार होता.

"कोण, कुंदा? काय झालं? लंडनला सगळं ठीक ना?"

"मँचेस्टर, दादा. ठीक आहे. आज भात कुणी केला?"

"काय?"

"भात. तुमच्याकडे. कुणी केला?"

"तुझ्या वहिनीने केला. रोज तीच करते. का गं?"

"आणि चहा?"

"चहा मी केला. कुंदा, तू डॉक्टरकडे गेली होतीस का?"

"दादा, कुकर कुणी बंद केला?"

"मीच केला. शिट्ट्या झाल्या, बंद केला. ही देवाजवळ बसली होती. अगं पण तुला…"

दारामागचं ओढणं थांबलं होतं. मग दाराच्या अगदी जवळून केलाचा आवाज आला. "तू त्याला माझं नाव सांगितलं असशील."

"मला तशी परवानगी नाही. कुणालाही सांगायची. तुला माहीत आहे ते."

"कोण बोलतंय तिथे?" दादा विचारत होते.

"कुणी नाही, दादा."

"त्याला परत म्हणायला सांग," केला म्हणाली.

"दादा, परत सांग."

"काय परत?"

"कुकरचं."

मिरजेच्या त्या म्हाताऱ्या माणसाने दीर्घ श्वास सोडलेला आम्हा सगळ्यांना ऐकू आला. मग त्यांनी शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं सावकाश म्हटलं, "कुकर. मी. बंद. केला. आता वहिनीला देऊ का फोन? ती घाबरलीये."

त्याच वेळी खालची बेल वाजली.

डेबीला दार मी उघडलं. काकू एकेक पायरी खाली उतरल्या. मला वाटलं, त्या काहीतरी साधं सांगतील. जेवण बिघडलं, असं म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं. काकूंनी डेबीला स्वयंपाकघरात नेलं, कुकर दाखवला आणि सरळ सांगितलं, "आज केलाला वाटलं की मी तिच्यावर आळ घेतला. तिने बॅग भरली आहे. चूक माझी आहे. हे तुला माझ्याकडून कळायला हवं."

डेबीचा चेहरा गंभीर झाला. तिने जिन्याकडे बघितलं. केला उतरून आली होती. निळी बॅग खांद्यावर होती.

"केला," डेबीने विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

केला तिच्या शेजारून आत गेली आणि कुकरमध्ये वाकून बघितलं. बराच वेळ बघत होती. आत काय आहे हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

"यात कोला घातलाय," ती म्हणाली.

"तू म्हणाली होतीस," काकू म्हणाल्या.

"हे फेकायला लागेल. दिवसभर असं राहिलं की खायचं नाही. नॅनने सांगितलंय." तिने कचऱ्याच्या डब्याचं झाकण पायाने उघडून धरलं. काकूंनी हातमोजे शोधले, घातले आणि तोंड फिरवून सगळं ओतलं. "शनिवारी परत करायचं," केला म्हणाली. "पण हिला एकटीला नाही जमणार. ही बंद करून टाकेल."

डेबी हळूच म्हणाली, "म्हणजे शनिवारी तू इथे असायला हवीस."

केलाने खांदा उडवला. एकच, कारण दुसऱ्यावर बॅग होती. "मग? हिच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

त्या संध्याकाळी आम्ही चौघींनी टोस्ट खाल्ले.

शनिवारी कुणीच घराबाहेर पडलं नाही. केला खुर्ची घेऊन कुकरपाशी बसली होती. दुपारपर्यंत वास जिन्यात, कोटांत, माझ्या माळ्यावरच्या पांघरुणात शिरला. काकूंनी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि केलाने त्या परत लावल्या. मी दोन काट्यांनी मांस ओढलं. केलाने पहिला घास घेतला, आम्ही दोघी बघत राहिलो.

"नॅनचं जास्त गोड असायचं," ती म्हणाली.

"आणखी गोड?" काकू म्हणाल्या. त्या बनमध्ये बटाट्याची भाजी घालून खात होत्या. पण केलाने दुसरा बन घेतला, आणि मग तिसरा.

काही आठवड्यांनी निर्णय झाला. केला काकूंकडेच राहिली. ती निळी बॅग कधी रिकामी झाली ते मला कळलं नाही. उन्हाळ्यात तिच्यातून पोहायचे ओले कपडे निघायला लागले, तेव्हा लक्षात आलं.

माझा कोर्स संपला, इल्फर्डला नोकरी मिळाली. निघाले त्या सकाळी स्वयंपाकघरात कुकर लागलेला होता, कारण शनिवार होता. काकू आणि केला मला ट्रामपर्यंत सोडायला येणार होत्या. काकूंनी कोट घातला. बोट किटलीवर.

"बंद," केला दारातून म्हणाली.

बोट पुढच्या बटणाकडे सरकलं, हवेतच थांबलं. काकूंनी तो हात कोटाच्या खिशात घातला.

"चालू," केला म्हणाली.

"चालू," काकू म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा अवघडलेला होता.

स्टॉपवर ट्राम लगेच आली. मी काकूंच्या पाया पडले, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आईला माझा नमस्कार सांग, म्हणाल्या, आणि साखर घालून बघायला सांग. मी आत चढून खिडकीपाशी गेले. केला हात हलवत होती. काकूंनीही हात वर केला, पण अर्ध्यातच त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी केलाला काहीतरी विचारलं. केलाने मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं.

मग त्या वळल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी भरभर घराकडे निघाल्या. ट्राम सुटली तेव्हा मला त्यांची पाठच दिसत होती. ओव्हनसाठी त्या नेहमी अशाच माघारी जायच्या, बंद केलाय ना ते बघायला. त्या दिवशी त्या बघायला चालल्या होत्या, चालू आहे ना.